पोर्तोचे पूल: दोन दिवसांत कुठले, कुठून आणि कधी पाहावेत?

सह्यकडा
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोर्तोत (पोर्तुगाल) दोन पूर्ण दिवस आहेत. मुक्काम साव बेंतु स्टेशनच्या आसपास. बरोबर सत्तरीतले आई-बाबा आहेत. सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर आरामात चालतात, पण आईच्या गुडघ्यांमुळे लांबलचक पायऱ्या आणि मोठा चढ टाळायचा आहे. बाबा निवृत्त स्थापत्य अभियंता, त्यामुळे पूल नुसते फोटोपुरते पाहायचे नाहीत. सहा पूल आहेत एवढं कळलंय. सगळे पाहण्यासारखे आहेत का? चालत कुठले ओलांडता येतात? बोटीची फेरी घ्यावी का? आणि दोन मजली पूल आयफेलने बांधला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं, ते खरं का?

कमानदार
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण गोंधळ तिथेच आहे.

दोन मजली पूल, म्हणजे दों लुईश पहिला पूल, आयफेलचा नाही. आयफेलच्या कंपनीचा तो मारिया पिया, रेल्वेचा, १८७७ चा. त्याच्या रचनेत मोठा वाटा होता कंपनीतला भागीदार अभियंता तेओफिल सेरिग याचा. पुढे सेरिग वेगळा झाला. लुईश पुलासाठी प्रस्ताव मागवले गेले तेव्हा आयफेलचाही आला होता, पण निवड झाली सेरिगची. तो तेव्हा बेल्जियमच्या विलब्रुक कंपनीकडे होता. १८८६ मध्ये पूल खुला झाला. म्हणजे दोन्ही लोखंडी कमानींमागे सेरिगचं डोकं आहे, आयफेलचं नाव मात्र पहिलीवरच.

बाबांना या दोन कमानींची तुलना नक्की दाखवा. मारिया पियाची कमान चंद्रकोरीसारखी: माथ्याशी जाड आणि पायाशी निमुळती, कारण दोन्ही टोकं बिजागरीवर टेकलेली आहेत. गाळा, म्हणजे दोन टेक्यांमधलं अंतर, १६० मीटर, त्या वेळी एका कमानीचा जगातला सर्वांत मोठा. पुलाच्या टोकाकडून पाहिलं तर तीच कमान पायाशी सुमारे १५ मीटर रुंद आणि माथ्याशी ४ मीटर. दरीतल्या वाऱ्याचा आडवा जोर पेलण्यासाठी पाय असे फाकवलेले आहेत. लुईशची कमान उलट: माथ्याशी बारीक, पायाशी जाड. गाळा १७२ मीटर. वरचा मजला या कमानीवर उभा आहे आणि खालचा तिला टांगलेला. खालच्या मजल्यावरून चालताना मान वर केली की टांगणारे उभे लोखंडी दांडे दिसतात. बहुतेक लोक नदीकडे बघत निघून जातात.

हे दोन्ही पूल एकाच गाळ्याचे का, तर दोरो नदी इथे ग्रॅनाइटच्या अरुंद दरीतून जाते, पात्र खोल आहे, तळ गाळाचा आणि पूर झपाट्याने चढतो. पात्रात खांब उभारणं १९व्या शतकात फार धोक्याचं होतं. म्हणून मारिया पियाची कमान खालून कसलाही आधार न देता बांधली: दोन्ही काठांवरून अर्धी-अर्धी पुढे काढत नेली, वरून पोलादी दोरांनी मागे धरून ठेवली आणि मध्यभागी जोडली. हीच पद्धत पुढे फ्रान्समध्ये गाराबीच्या पुलाला वापरली.

म्हणून सहाही पुलांवर टिकमार्क करत फिरू नका. प्रत्येक पूल शेजारच्या पुलावरून पाहायचा, असा बेत आखा. पुलावर उभं राहिलं की तोच पूल दिसत नाही.

रिबेइरा_काठ
आईंच्या गुडघ्यांचा विचार करून एक फेरी सांगते. यात पायऱ्या जवळपास नाहीत आणि लुईश पूल वरून, खालून आणि बाजूने असा तिन्ही प्रकारे पाहून होतो.

१. साव बेंतुहून मेट्रोची पिवळी डी लाइन, एकच स्टेशन: जार्दिम दो मोरो, म्हणजे नदीपलीकडच्या गाया शहरातली बाग. गाडी पुलाच्या वरच्या मजल्यावरूनच जाते. आंदांत कार्ड प्रत्येकाला वेगळं लागतं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. झेड-२ तिकीट पुरतं. चढण्याआधी कार्ड पिवळ्या यंत्राला लावायचं. मार्ग बदलतानाही पुन्हा लावायचं. स्टेशनांना फाटकं नाहीत, त्यामुळे लोक विसरतात आणि तपासनीस आला की दंड होतो.

२. उतरल्यावर आधी मागे वळून वरच्या मजल्यावरून मध्यापर्यंत चालून या. मजला ३९५ मीटर लांब आणि सपाट आहे. खाली नदी साधारण ४५ मीटरवर. मेट्रोचे रूळ आणि पादचारी यांच्यात कठडा नाही. गाडी हळू येते आणि घंटा देते, तरी फोटोच्या नादात लोक रुळावर उभे राहतात. आई-बाबांना कठड्याच्या बाजूने चालू द्या. वारा चांगलाच असतो, टोपी सांभाळा.

३. बाग जिथे आहे तिथूनच गायाचा रोपवे खाली घाटावर जातो. तिकीट वेगळं, प्रवास पाचेक मिनिटांचा. जोराच्या वाऱ्यात तो बंद ठेवतात. तसं झालं तर खाली जाणारा रस्ता तीव्र उताराचा आणि दगडी आहे, आईंसाठी टॅक्सी बरी.

४. गायाच्या घाटावरून सपाटीने पुलाकडे या आणि खालच्या मजल्यावरून पलीकडे जा. इथे दोन्ही बाजूंना अरुंद पदपथ आहे, मधून बस आणि टॅक्सी जातात. दुपारी समोरासमोर माणसं आली की थांबून वाट द्यावी लागते.

५. पलीकडे पूल संपतो तिथेच गिंदाइशची फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी रेल्वे) आहे. ती थेट वर बताल्याच्या चौकात सोडते, म्हणजे ६० मीटरचा चढ वाचतो. बताल्याहून साव बेंतु उताराने दहा मिनिटं. फ्युनिक्युलर देखभालीसाठी अधूनमधून बंद असते, त्यामुळे निघण्याआधी चालू आहे ना ते बघा. बंद असेल तर ही फेरी उलटी न करता खालूनच टॅक्सी घ्या. फ्युनिक्युलरशेजारच्या आणि कॅथेड्रलकडे जाणाऱ्या कोदेसालच्या पायऱ्या सुंदर आहेत, पण शेकड्यांनी आहेत.

सोल चांगला असलेले बूट हवेत. ऑक्टोबरात पाऊस येऊन-जाऊन असतो आणि इथला गुळगुळीत ग्रॅनाइट ओला झाला की घसरतो.

दोरोवाला
वरच्या फेरीत एक भर. खालच्या मजल्यावरून रिबेइराच्या, म्हणजे पोर्तोच्या जुन्या नदीकाठाच्या बाजूला उतरल्या उतरल्या दोन उंच दगडी स्तंभ दिसतील. ते १८४३ च्या झुलत्या पुलाचे अवशेष. लुईश पूल झाल्यावर १८८७ मध्ये तो उतरवला, स्तंभ तेवढे ठेवले. जुना आणि नवा पूल किती खेटून होते ते तिथे उभं राहिलं की कळतं.

आणि रिबेइराच्या भिंतीवर काशाचं एक उठावचित्र आहे, आल्मिन्याश दा पोंत. त्यापुढे आजही लोक मेणबत्त्या लावतात. तिथे १८०६ मध्ये होड्या एकमेकींना बांधून केलेला पूल होता. २९ मार्च १८०९ ला फ्रेंच सेनापती सूल्टचं सैन्य शहरात शिरलं, घाबरलेले लोक पलीकडे पळण्यासाठी त्या पुलावर लोटले आणि हजारो माणसं नदीत गेली. शांतपणे दोन मिनिटं उभं राहावं अशी जागा आहे.

रूळजोड
मारिया पियाबद्दल. त्यावर जाता येत नाही. १९९१ मध्ये रेल्वे शेजारच्या साव ज्वाव पुलावर गेली आणि हा बंद झाला. कारणं साधी होती: एकच मार्ग, हलका भार, आणि गाड्यांना ताशी २० किलोमीटरची मर्यादा. लिस्बन ते पोर्तो या मुख्य मार्गावर हे चालण्यासारखं नव्हतं.

पण तो पाहण्याची उत्तम जागा म्हणजे साव ज्वाववरची रेल्वेच. साव बेंतुहून आव्हेरोच्या दिशेची कुठलीही लोकल घ्या. कांपान्या स्टेशननंतर लगेच पूल लागतो. कांपान्याहून दक्षिणेकडे गाडी निघाली की प्रवासाच्या दिशेने उजवीकडच्या खिडकीत मारिया पिया अगदी हाताशी दिसतो. खिडकी कांपान्याला पोहोचल्यावर निवडा, आधी नको. तिथे गाडीची दिशा बदलू शकते. पूल एका मिनिटाच्या आत संपतो, मोबाइल आधीच हातात ठेवा. पलीकडचं पहिलं स्टेशन जनरल तोरेस. उतरलात की त्याच नावाचं मेट्रो स्टेशन शेजारीच आहे. तिथून डी लाइनने लुईशच्या वरच्या मजल्यावरून परत साव बेंतु. पायऱ्या नाहीत, चालणं नाही, आणि दोन पूल होतात.

साव ज्वाव दिसायला साधा, पण बाबांना आवडेल. पूर्वताणित (आत पोलादी तारा ताणून बसवलेल्या) काँक्रीटचा, मधला गाळा २५० मीटर, दोन्ही बाजूंना १२५-१२५. इथे पहिल्यांदा मोठे खांब पात्रात उतरले. अभियंता एद्गार कार्दोझो. उद्घाटन २४ जून १९९१, म्हणजे साव ज्वावच्या सणाला. गोव्यात सांजाव असतो तोच दिवस.

सह्यकडा
खूप आभार, हे सगळं छापून घेतोय. दोन शंका. मारिया पिया जमिनीवरून, निवांत उभं राहून कुठून दिसेल? आणि इन्फान्ते पुलाबद्दल कुणी काही लिहिलं नाही, तो सोडावा का?

कमानदार
सोडू नका. माझ्या मते चालत ओलांडण्यासाठी लुईशखालोखाल इन्फान्तेच. आणि तुमची पहिली शंका तिथेच मिटते.

लुईशचा वरचा मजला मेट्रोला द्यायचा म्हणून गाड्यांसाठी हा बांधला, २००३ मध्ये. आदाव दा फोन्सेका यांची रचना. काँक्रीटची कमान, गाळा २८० मीटर आणि उंची फक्त २५ मीटर. कमानीची जाडी दीड मीटर. इतकी पातळ कमान चालते कारण वरची साडेचार मीटर खोल पेटीसारखी तुळई ताठ आहे आणि वाकण्याचा जोर तीच घेते. मधल्या ७० मीटरमध्ये कमान आणि तुळई एकच होऊन जातात. हे बाजूने पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही, त्यासाठी लुईशच्या वरच्या मजल्यावरून पूर्वेकडे बघा.

इन्फान्तेवर दोन्ही कडांना पदपथ आहेत. पश्चिमेच्या पदपथावरून लुईश पूर्ण, अगदी समोर. पूर्वेच्या पदपथावरून मारिया पिया आणि त्याच्यामागे साव ज्वाव, लोखंड आणि काँक्रीट एकाच चौकटीत. वाहनांचा आवाज आहे, गर्दी मात्र नाही. एका पदपथावरून दुसऱ्यावर जायला मध्ये जागा नाही, टोकालाच ओलांडा.

ज्याला चालता येतं त्याने अशी फेरी करावी: साव बेंतु, कॅथेड्रल, लुईशचा वरचा मजला, सेरा दो पिलार मठाची गच्ची, तिथून इन्फान्तेवरून परत, फोंताइन्याशचा कठडा, बताल्या. सगळं मिळून तीन किलोमीटरच्या आत. बाबांबरोबर तुम्ही ही करा. आईंसाठी अडचण एकच, सेरा दो पिलारचा छोटा पण खडा चढ. तो वगळला तर बाकी जमेल.

मारिया पियासाठी फोंताइन्याशचा कठडाही छान आहे, बाकं आहेत, बसून पाहता येतं. पुलाच्या अगदी खाली जायचं असेल तर रिबेइराहून नदीकाठच्या गुस्ताव्ह आयफेल रस्त्याने पूर्वेला सव्वा किलोमीटरच्या आसपास चाला. रस्ता सपाट, पण पदपथ काही ठिकाणी चिंचोळा आणि गाड्या वेगात. खालून बिजागरीचा टेका आणि दगडी चौथरा दिसतो, म्हणून अभियंत्याला घेऊन जाण्यासारखं आहे. इतरांनी फोंताइन्याशवर समाधान मानावं.

प्रकाशवेध
उजेडाचं गणित सांगतो, कारण चुकीच्या वेळी गेलात तर लोखंडी जाळी नुसती काळी दिसते.

नदी ढोबळमानाने पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. पूल उत्तर-दक्षिण. गायाचा घाट आणि रिबेइरा लुईशच्या पश्चिमेला, तिथून तुम्ही पूर्वेकडे बघता. म्हणून सकाळी तिथून सूर्य समोर येतो. दुपारी चारनंतर पुलाच्या तोंडावर उजेड पडतो आणि लोखंडाचे सांधे मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. इन्फान्तेवरून लुईश पाहायचा असेल तर उलट, सकाळी जा. मारिया पियाला फोंताइन्याशवरून पाहायचं तर दुपारनंतर.

ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्योदय पावणेआठच्या आधी थोडा आणि सूर्यास्त सातच्या सुमारास. संध्याकाळी जार्दिम दो मोरो बागेच्या उतारावर सूर्यास्तासाठी खूप गर्दी होते. मावळल्यावर सगळे एकदम मेट्रोकडे धावतात, अर्धा तास थांबलात तर जागाही मिळते आणि पुलावरचे दिवेही लागलेले असतात.

बोटीबद्दल: सहा पुलांची फेरी साधारण ५० मिनिटांची. रिबेइरा आणि गाया, दोन्ही घाटांवरून निघतात. फ्रेइशू पुलापर्यंत वर आणि अराबिदा पुलापर्यंत खाली. घ्याच, पण पुलांवरून चालून झाल्यावर. आधी घेतली तर सहा पूल नुसते डोक्यावरून जातात. आईंना बोटीत चढताना घाटाची कड आणि होडीची पातळी यात फरक असतो, कर्मचारी हात देतात, त्यांच्याकडून घ्यावा. वरच्या भागात जोराचा पाऊस झाला आणि क्रेश्तुमा-लेव्हेर धरणातून पाणी सोडलं की फेऱ्या बंद होतात. हे हिवाळ्यात जास्त, तरी दुसऱ्या दिवसावर ढकलून ठेवू नका, पहिल्या दिवशी हवा चांगली असेल तर त्याच दुपारी उरका.

फ्रेइशू (१९९५) बोटीतून दिसेल तेवढा पुरे. आठ मार्गिकांचा महामार्गाचा पूल आहे, कामाचा, पण त्यासाठी वेगळा वेळ काढू नये.

रिबेइरा_काठ
फ्रेइशूबद्दल सहमत. बोटीचा क्रम मात्र आईंसाठी बदलीन. चालून दमल्यावर बोटीत चढ-उतार करण्यापेक्षा सकाळी ताज्या असताना बोट, मग रोपवे. बाबा आणि तुम्ही इन्फान्तेची फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी करा, त्या वेळी त्या बताल्याच्या चौकात कॉफी घेत बसू शकतील.

एक_गाळा
अराबिदावर कुणीच नीट लिहिलं नाही आणि माझ्या मते बाबांसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

१९६३, एद्गार कार्दोझो. काँक्रीटची कमान, गाळा २७० मीटर, उंची ५२. पूर्ण झाला तेव्हा काँक्रीटच्या कमानींत जगात सर्वांत मोठा. एकमेकींशेजारी दोन पोकळ कमानी आहेत. त्या ओतण्यासाठी सुमारे २,२०० टनांची पोलादी आधारकमान नदीवर उभी केली, एक कमान झाल्यावर ती सरकवून दुसऱ्या कमानीखाली नेली. अशी कमान टिकणार नाही म्हणणारेही त्या वेळी होते. २०१३ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. आता इन्फान्तेशी आकडे ताडून पाहा: चाळीस वर्षांनी गाळा दहा मीटरने वाढला आणि कमानीची उंची निम्म्याहून खाली आली.

वरून चालत जाऊ नका. महामार्ग आहे, आवाज आणि धूर, आणि ज्यासाठी आलात ती कमान दिसतच नाही. खालूनच पाहा. साव फ्रान्सिश्कु चर्चसमोरून जुनी ट्राम, लाइन १, नदीकाठाने समुद्राकडे जाते आणि बरोबर कमानीखालून जाते. तिकीट ट्राममध्येच मिळतं. दुपारी रांग मोठी असते आणि ट्राम लहान. सकाळची पहिली-दुसरी पकडा. ट्राम भरलेली असेल तर त्याच काठाने ५०० नंबरची बस जाते, दुमजली, वरच्या मजल्यावर नदीच्या बाजूला बसा. जाताना नदी डाव्या हाताला.

दुसरा मार्ग गायाच्या बाजूने. घाटावरून नदीकाठाने पश्चिमेला सपाट चालत गेलं की अराबिदाखालून पुढे अफुरादा नावाचं मच्छीमारांचं गाव लागतं. तीन-चार किलोमीटर, त्यामुळे आईंनी टॅक्सीने थेट गावात यावं. तिथून मागे वळून पाहिलं की कमान पूर्ण दिसते, दुपारनंतर तिच्यावर ऊनही असतं. कोळशावर भाजलेले मासे तिथे दारातच मिळतात.

कमानीच्या पाठीवर चढण्याची सोयही आहे: कंबरेला पट्टा, वाटाड्या बरोबर, अडीचशेहून जास्त पायऱ्या, नदीपासून ६५ मीटर उंच. आधी नोंदणी करावी लागते. वारा किंवा पाऊस असेल तर रद्द होते. बाबांची तब्येत ठणठणीत असेल आणि उंचीची भीती नसेल तरच. चढताना कमान कशी सपाट होत जाते ते पायांना कळतं.

अराबिदाच्या थोडं अलीकडे, शहराच्या बाजूला, मेट्रोच्या नव्या मार्गासाठी आणखी एका पुलाचं काम चालू आहे. त्यामुळे नदीकाठच्या रस्त्यावर वळण लागू शकतं.

सह्यकडा
मग असं ठरवतो. पहिला दिवस: सकाळी बोट, रोपवे, लुईश दोन्ही मजले, फ्युनिक्युलर, संध्याकाळी रेल्वे आणि मेट्रोची फेरी. दुसरा दिवस: सकाळी बाबा आणि मी इन्फान्ते, दुपारी ट्राम आणि अराबिदा. काही चुकतंय का?

रूळजोड
रेल्वे संध्याकाळी नको. पाच ते सात लोकल ऑफिसवाल्यांनी भरलेल्या असतात, खिडकी मिळणार नाही, आणि सूर्य पश्चिमेला म्हणजे नेमका मारिया पियाच्या मागे असेल. ती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ-दहानंतर घ्या, तिघंही. जनरल तोरेसला उतरून लगेच मेट्रोने जार्दिम दो मोरोला या, आईंना बागेत बसवा आणि तुम्ही दोघं तिथूनच इन्फान्तेला निघा. परतताना त्याच पुलाने या, म्हणजे दोन्ही पदपथ होतील.

प्रकाशवेध
आणि पहिल्या दिवशी बोट सकाळी असेल तर रोपवे थेट घेऊ नका. रोपवे वरून खाली घ्यायचा आहे, म्हणून रिबेइराहून बोट घेऊन तिथेच उतरा, फ्युनिक्युलरने वर जा, साव बेंतुहून मेट्रो, मग रोपवे. शेवटी पोहोचाल गायाच्या घाटावर, दुपारी चारच्या पुढे. उजेड तेव्हा बरोबर पुलावर असतो. परत जाताना खालच्या मजल्यावरून, आणि वर जायला फ्युनिक्युलर पुन्हा. शेवटची फेरी किती वाजता ते सकाळीच फलकावर पाहून ठेवा.